ईमच्या चर्चमध्ये काय पाहावं, आणि प्लेगच्या कबरी नेमक्या कुठे आहेत

आधी प्रश्न थोडक्यात. वसईचे एक गृहस्थ सपत्नीक शेफिल्डला मुलाकडे आले आहेत. जवळच डर्बीशरमध्ये ईम नावाचं गाव आहे, तिथे त्यांना जायचं आहे. १६६५-६६ च्या प्लेगात या गावाने स्वतःला कोंडून घेतलं आणि सुमारे २६० माणसं गेली, एवढं त्यांनी वाचलेलं आहे. त्यांचं विचारणं असं, की तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात या सगळ्यांच्या कबरी पाहायला मिळतील का, आणि एका दिवसात तिथे आणखी काय पाहावं?

मी जुन्या दगडी बांधकामांच्या जतनाचं काम करतो आणि या भागातल्या चर्चच्या आवारांत माझा बराच वेळ जातो. तेव्हा जरा ऐसपैसच लिहितो.

कबरी मिळणार नाहीत. प्लेगची म्हणून आवारात ठळक दिसणारी कबर एकच आहे, ती रेक्टरच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीच्या, पत्नीची. १६६६ च्या जूनपासून गेलेली बाकीची माणसं आवाराबाहेर पुरलेली आहेत: शेतांत, परसात, कुंपणांच्या कडेला. त्यातल्या बहुतेकांवर दगड नाही. म्हणून नुसतं चर्चमध्ये डोकावून परत फिरलात तर गावातली मुख्य गोष्ट पाहायची राहून जाईल.

असं का झालं, त्याची हकिगत बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, मी कामापुरती सांगतो. १६६५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी अलेक्झांडर हॅडफिल्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाची पेटी आली. त्याच्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज विकर्सने ते दमट कापड शेकोटीपुढे वाळत घातलं, असं सांगतात. ७ सप्टेंबरला विकर्सच्या दफनाची नोंद आहे. वर्षअखेरीपर्यंत चाळीसच्या वर माणसं गेली. थंडीत साथ ओसरली, मे महिन्यात तर संपल्यासारखी वाटली, आणि जूनमध्ये पुन्हा भडकली.

गावचा रेक्टर विल्यम मॉम्पेसन तेव्हा तिशीच्या आतला होता. १६६४ मध्ये नव्यानेच आलेला, गावात त्याला फारसा मान नव्हता. लोकांचा ओढा होता थॉमस स्टॅन्लीकडे. स्टॅन्ली आधीचा पाद्री, प्युरिटन मताचा, म्हणजे चर्चमधले थाटाचे विधी नको म्हणणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांपैकी. राजाने ठरवून दिलेली प्रार्थनापद्धती मानायला त्याने नकार दिला आणि १६६२ मध्ये त्याला चर्चमधून काढून टाकण्यात आलं, पण तो गावातच राहिला. एरवी एकमेकांच्या दारात उभे राहिले नसते असे हे दोघे जूनमध्ये एकत्र आले आणि त्यांनी गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर, कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत करायची. गावाची शीव कोणी ओलांडायची नाही. आणि यापुढे कोणाला चर्चच्या आवारात पुरायचं नाही, ज्याचं माणूस त्यानेच घराजवळ, लगेच, जमेल तसं पुरायचं.

तिसरी अट आपल्याला आज व्यवहाराची वाटते. त्या काळच्या श्रद्धाळू माणसाला ती किती जड गेली असेल, हे वसईच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. पवित्र केलेल्या जमिनीत, आपल्या वाडवडिलांशेजारी, पाद्रीच्या प्रार्थनेसह दफन व्हावं, ही मरणाबाबतची शेवटची अपेक्षा होती, आणि तीच सोडायची होती.

आता ती एक कबर. कॅथरीन मॉम्पेसन २५ ऑगस्ट १६६६ ला, सत्ताविसाव्या वर्षी वारली. म्हणजे आवारात दफन बंद करून दोन महिने झाल्यावर. तरी ती आवारातच आहे, आणि साध्या मातीखाली नाही, वर पेटीसारखं दगडी थडगं आहे. याचं समर्थन कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही. माझं मत विचाराल तर ती रेक्टरची पत्नी होती, एवढंच कारण. मॉम्पेसनने दोन्ही मुलांना साथ भडकण्याआधी यॉर्कशरला पाठवून दिलं होतं, हेही याच्याच शेजारी ठेवून पाहावं. नवऱ्याला सोडून मुलांबरोबर जायला कॅथरीनने नकार दिला होता. तिच्याबद्दल गावाला अजून माया आहे ती त्यामुळे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात प्लेगची स्मृतिप्रार्थना होते, त्या दिवशी तिच्या थडग्यावर फुलं असतात.

थडग्याच्या वरच्या फरशीवर मजकूर आहे, पण घाई न करता दोन्ही अरुंद टोकं पाहा. एका टोकाला पंख फुटलेलं वाळूचं घड्याळ कोरलं आहे. 'सावध असा, वेळ तुम्हाला ठाऊक नाही' अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याच्याबरोबर आहे. दुसऱ्या टोकाला कवटी, आणि तिच्यासोबत मरण हा आपल्याला लाभच आहे, असं सांगणारे दोन लॅटिन शब्द. बायबल वाचणाऱ्याला ते कुठून आले ते लगेच कळेल. ही नक्षी सकाळी किंवा दुपार उलटल्यावर, ऊन तिरपं असताना चांगली उठून दिसते. ढगाळ दिवस असेल तर मोबाइलचा टॉर्च दगडाला चिकटवल्यासारखा बाजूने धरा, समोरून नको. बाजूच्या उजेडात झिजलेलं अक्षरही सावली टाकतं. काही लोक खडू किंवा पीठ फासून अक्षरं वाचतात, तसलं काही करू नका. हात फिरवायचाही मोह आवरा, दगडाचा पापुद्रा सुटलेला असला तर तो हाताबरोबर येतो.

बाकीच्यांसाठी गावाबाहेर चालावं लागेल. पूर्वेला साधारण एक किलोमीटरवर, चढावर, रायली कबरी आहेत. नाव शेताचं आहे, कुटुंबाचं नव्हे, कुटुंब हॅनकॉकांचं. १६६६ च्या ऑगस्टच्या ३ तारखेपासून १० तारखेपर्यंत, आठ दिवसांत, एलिझाबेथ हॅनकॉकने नवरा जॉन आणि सहा मुलं एकटीने पुरली. मदतीला कोणी येईना, तेव्हा प्रेतं ओढत नेऊन तिने खड्डे खणले, असं गाव सांगतं. तिला स्वतःला साथ लागली नाही. पुढे ती शेफिल्डला, जिवंत राहिलेल्या मुलाकडे निघून गेली. शेतात गोल दगडी कुंपण आहे, आत जॉनचं थडगं आणि मुलांचे सहा उभे दगड. एक लक्षात ठेवा, हे उभे दगड पुढे कधीतरी गोळा करून एकत्र लावलेले आहेत, त्यामुळे ज्याचा दगड त्याच्याच खाली ते मूल आहे असं धरून चालू नये. जागा आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

गावातच, लिडगेट नावाच्या रस्त्याला, जॉर्ज डार्बी आणि त्याची मुलगी मेरी यांच्या कबरी आहेत: बाप ४ जुलैला गेला, मुलगी ४ सप्टेंबरला. चर्चमागच्या शेताकडे हम्फ्री मेरिल या वैदूचं थडगं आहे, त्यावर त्याची आद्याक्षरं आणि १६६६ हे साल, बस्स. गावाला जडीबुटी देणारा माणूस, त्यालाही पुरणाऱ्यांना यापेक्षा जास्त कोरायला फुरसत मिळाली नसावी. मला स्वतःला कॅथरीनच्या सगळ्या लॅटिनपेक्षा हा दगड जास्त बोलका वाटतो.

तरीही २६० दगड असायला हवे होते आणि प्लेगने ते होऊ दिले नाहीत, असा समज करून घेऊ नका. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या खेड्यांत साध्या माणसाच्या कबरीवर कोरलेला दगड उभारायची रीतच नव्हती. पैसेवाले चर्चच्या आत, फरशीखाली जात. बाकीच्यांच्या डोक्याशी फार तर लाकडाची खूण, ती पाचपंचवीस वर्षांत कुजायची. मग तीच जमीन पुन्हा खणायची. गोव्यात आणि वसईत काही वर्षांनी कबर उघडून पुन्हा वापरतात, त्यातलाच प्रकार, फक्त इथे नोंद नीट ठेवलेली नसे. इंग्लंडमधली बहुतेक आवारं बाहेरच्या रस्त्यापेक्षा उंच दिसतात त्याचं एक कारण शतकानुशतकांची ही भर आहे. तेव्हा ईमच्या आवारात तुम्हाला जे दगड दाटीने उभे दिसतील ते जवळजवळ सगळे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातले. शिशाच्या खाणींनी या गावात तेव्हा पैसा आणला. दगडही हाताशी होता. वरच्या कड्यावरचा खरखरीत वाळूचा दगड, ज्याची या भागात जाती घडवत, तोच कबरींना वापरला. तो घडवायला त्रासदायक, पण हवेला दाद देत नाही, म्हणून दोनशे वर्षांची अक्षरं अजून वाचता येतात.

प्लेगने गेलेल्यांची नावं टिकली ती चर्चच्या दफन नोंदवहीत. ती वाचताना एक खाच आहे. तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून नोंदीतला '१६६५ चा जानेवारी' हा आपल्या हिशेबाने १६६६ चा असतो. हे ध्यानात नसेल तर माणसं साथ येण्याआधीच मेल्यासारखी दिसतात. शेवटचा बळी अब्राहम मॉर्टन, १ नोव्हेंबर १६६६.

आवारात कॅथरीनच्या थडग्याजवळच एक उंच दगडी क्रूस आहे. लोक त्याच्यापुढे उभे राहून कॅथरीनच्या थडग्याचे फोटो काढतात आणि निघून जातात, याची मला दर वेळी चुटपुट लागते. कारण आवारातली सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू तीच. आठव्या-नवव्या शतकातला, अँग्लो-सॅक्सन कारागिरांचा क्रूस. आजचं चर्च उभं राहिलं त्याच्या कितीतरी आधीचा. आडव्या हातांवर देवदूत आहेत, खांबावर बाळाला घेतलेली मरिया आहे, बाजूंना वेलबुट्टी. डोकं आणि खांब जिथे मिळतात तिथे नीट पाहा, वेल मध्येच तुटल्यासारखी वाटेल. खांबाचा वरचा तुकडा, दीडदोन फुटांचा, हरवला आहे आणि डोकं तसंच खालच्या भागावर बसवलं आहे. हा क्रूस बराच काळ आवाराच्या कोपऱ्यात आडवा पडून होता. तुरुंगसुधारणांसाठी नावाजलेला जॉन हॉवर्ड अठराव्या शतकात इथे येऊन गेला, त्याने तो पाहून हळहळ व्यक्त केल्यावर गावाने उचलून उभा केला, असं सांगितलं जातं. मरिया आणि बाळ ही जोडी इतक्या जुन्या इंग्रजी कोरीवकामात सहजी भेटत नाही, वसईकरांनी तिथे दोन मिनिटं जास्त थांबावं.

चर्चच्या दक्षिण भिंतीवर दाराच्या वर १७७५ चं सूर्यघड्याळ आहे. साधं नाही. उन्हाची वेळ तर ते दाखवतंच, शिवाय जगातल्या दूरदूरच्या शहरांत मध्यान्ह कधी होते तेही त्यावर कोरलेलं आहे. डोंगरातल्या शे-दोनशे घरांच्या गावाला याची काय गरज, असं वाटेल. पण शिशाच्या खाणींमुळे हे पॅरिश चांगलंच सधन होतं, हौसेला पैसा होता.

आत फार वेळ लागणार नाही. इमारतीचा गाभा मध्ययुगीन, मनोरा सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि वेदीकडचा भाग १८६८-६९ मध्ये नव्याने बांधलेला. राणी व्हिक्टोरियाच्या काळात सगळीकडे केली तशी 'दुरुस्ती' इथेही झाली आहे, त्यामुळे आतून चर्च त्याच्या वयापेक्षा तरुण दिसतं. तीन गोष्टी चुकवू नका. भिंतींवरची सोळाव्या शतकातली चित्रं, इस्राएलच्या बारा वंशांची चिन्हं असलेली; ती चुन्याखाली गाडली गेली होती, १९६३ मध्ये पुन्हा उजेडात आली. मॉम्पेसनची म्हणून दाखवतात ती कोरीव ओकची खुर्ची. आणि १९८५ ची रंगीत काचेची खिडकी, जिच्यात प्लेगची सगळी कथा चित्रांत आहे. सोबत मुलं असतील तर खिडकीपासून सुरुवात करा, बाहेरच्या जागा मग त्यांना आपोआप ओळखू येतात.

याच चर्चला एक जोसेफ हंट नावाचा रेक्टर लाभला होता, मॉम्पेसननंतर काही वर्षांनी आलेला. गावच्या गुत्त्यात मित्रांबरोबर बसला असताना चेष्टेत त्याने गुत्तेदाराच्या मुलीशी लग्नाचा विधी म्हणून टाकला. बिशपच्या कानावर गेलं. बिशप म्हणाले, विधी झाला म्हणजे लग्न झालं, आता नांदवा. त्याचं लग्न आधीच एका दुसऱ्या बाईंशी ठरलेलं होतं, त्यांनी फसवणुकीचा दावा लावला. अटक टाळायला हा माणूस चर्चला जोडलेल्या खोलीत बायकोसह राहायला लागला आणि जन्मभर तिथेच राहिला. हकिगतीत तिखटमीठ किती ते सांगवत नाही, पण प्लेगच्या छायेत सतत वावरणाऱ्या या गावाला ती सांगताना भारी मजा येते.

क्रिकेट पाहत असाल तर हॅरी बॅगशॉची कबर शोधाच. १८८७ ते १९०२ डर्बीशरकडून खेळला, नंतर अंपायर झाला, १९२७ मध्ये वारला. त्याला अंपायरच्या कोटात, हातात चेंडू देऊन पुरलं. दगडावर त्रिफळा उडालेला कोरला आहे, बेल्स हवेत, आणि त्याच्या वर आकाशाकडे रोखलेलं अंपायरचं बोट. आता कोणीही म्हणेल, त्रिफळा उडाल्यावर बोट कशाला वर करायला हवं? माझा अंदाज असा, की ते बोट बाद देत नाही, माणूस कुठे गेला ते दाखवतं. नेमकी जागा मिळाली नाही तर आवारात कोणालाही विचारा, प्लेगची कबर माहीत नसणाऱ्यालाही ही माहीत असते.

थॉमस स्टॅन्लीचं स्मारकही आवारात आहे, पण ते पुष्कळ नंतरचं. तो १६७० मध्ये वारला, आणि मॉम्पेसनइतकंच त्याचंही श्रेय आहे हे मानायला लोकांना दोन शतकं लागली. मॉम्पेसनला मात्र गावाने धरून ठेवलं नाही की त्याने गावाला, कोण जाणे. १६६९ मध्ये तो नॉटिंगहॅमशरमधल्या ईकरिंगला गेला. तिथल्या लोकांनी प्लेगच्या भीतीने त्याला सुरुवातीला गावात घेतलं नाही, काही काळ बाहेर झोपडीत राहावं लागलं. १७०९ मध्ये तो तिथेच वारला. म्हणून ईमच्या आवारात पत्नीशेजारी त्याला शोधू नका.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण वाचून गेलात तर तिथल्या पाट्या जास्त डोळसपणे वाचाल. ईमची कथा आज जशी सांगतात तशी ती बरीचशी अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात घडली. कवयित्री ॲना सीवर्ड इथलीच, तिचे वडील इथले रेक्टर. तिने आणि पुढे विल्यम वुड या स्थानिक इतिहासकाराने ती रंगवली. प्रियकराची दुरून वाट पाहणारी एमट सिडल, प्रेतं पुरून मृतांचं सामान नेणारा मार्शल हाऊ, ही पात्रं तिथून ठसठशीत झाली. ही माणसं खरी होती, भोवतीचं नाट्य जपून घ्या. गावात ३५० जण होते आणि ८३ उरले, हा आकडाही आता कोणी अभ्यासक धरत नाही. लोकसंख्या त्याच्या दुप्पट असावी असं दिसतं. पण मॉम्पेसनने स्वतः नोव्हेंबर १६६६ च्या पत्रात ७६ कुटुंबांत साथ शिरली आणि २५९ जण मेले असं लिहिलं आहे, ते नोंदवहीशी बरंच जुळतं. मरण खरं होतं, आणि शीव न ओलांडण्याचं ठरवून बहुतेकांनी पाळलं, हेही खरं. श्रीमंत मात्र जूनच्या आधीच निघून गेले होते.

कापडातल्या पिसवांनी रोग आणला, हे स्पष्टीकरण तर त्याहून नवं. १६६६ मध्ये कोणालाच पिसवांचा संशय नव्हता, दोष हवेला आणि पापाला दिला जाई. पिसू रोग पसरवते हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांवर पद्धतशीर प्रयोग होऊन ते पक्कं झालं. म्हणजे ईमच्या संग्रहालयात आज जे शास्त्र वाचाल त्याचा एक मोठा धागा मुंबईच्या साथीतून निघालेला आहे. त्यातही भर पडत असते. २०१६ मध्ये ईमच्या मृत्यूंच्या तारखा आणि कुटुंबं यांचं गणित मांडून काही संशोधकांनी दाखवलं, की सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी. उंदरांचा वाटा उरलेला. तसं असेल तर घरात कोंडून घेतलेल्या कुटुंबांना त्या निर्णयाची किंमत फार पडली, आणि शेजारची गावं मात्र खरोखरच वाचली.

जाण्याचं सांगतो. शेफिल्डहून गाडीने अर्धा-पाऊण तास. गाडी संग्रहालयासमोरच्या तळावर लावा. संग्रहालयाच्या छतावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी उंदीर आहे, त्यावरून ओळखू येईल. सकाळी आधी रायली कबरी उरका, कारण चढ आहे आणि पाय ताजे हवेत. उतरताना लिडगेट वाटेतच लागतं. मग चर्च, तिथे दीड तास धरा. जेवणानंतर दक्षिणेला स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा सीमेचा दगड पाहा. त्यात सहा भोकं आहेत, व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी त्यात ठेवून गावकरी बाहेरून आलेलं धान्य घेत. बरंचसं धान्य जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यातल्या अर्लकडून, म्हणजे तिथल्या सरदाराकडून येई. वहिनींच्या गुडघ्यांचा त्रास असेल तर रायली सोडा आणि हा दगड ठेवा, वाट त्यामानाने सोपी आहे. ऑगस्टचा शेवटचा रविवार टाळायचा की साधायचा ते तुम्ही ठरवा, गर्दी असते पण कक्लेट डेल्फची प्रार्थना त्याच दिवशी ऐकायला मिळते. चपला नकोत, जुलैतसुद्धा शेतातलं गवत ओलं असतं.